वरच्या मजल्याचा पास

माझे मामा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत'च्या. शिडीवर चढलेले, डाव्या हातात रंगाचा डबा, उजव्या हातात एक ब्रश आणि दुसरा दातांत. त्यामुळे काम चालू असताना मामांशी बोलायचं तर आपणच बोलायचं. ते भुवयांनी उत्तर द्यायचे.

रस्त्याने जाताना ते समोर बघून कधी चालले नाहीत. मान सदा वर. "ही बघ," मला म्हणायचे, "याने आधी अक्षरं काढली आणि मग जागा मोजली." आणि खरंच, त्या पाटीवरची शेवटची अक्षरं भरलेल्या बाकावर 'जरा सरका' म्हणत टेकलेल्या माणसांसारखी अंग चोरून बसलेली असायची.

माणूस सरळ. इतका, की घरच्यांना कधीकधी ते जड जायचं. एका डॉक्टरने पाटीवर न मिळवलेली पदवी घालायला सांगितली, तेव्हा मामा शिडीवरून उतरले, ब्रश पुसला आणि म्हणाले, "एवढं तुम्ही स्वतः लिहा. मी शिडी धरतो." डॉक्टरने अर्थातच दुसरा रंगारी बोलावला. मामी पुढे कितीतरी दिवस ऐकवत होती, "शिडी धरतो म्हणे! शिडी धरायचं कोणी काही देतं का?"

मामी वेगळ्या मातीची. मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसून तिची सगळी नोकरी झाली. आयुष्यभर रांग आतल्या बाजूने बघितल्यामुळे तिचं ठाम मत होतं, की रांग ही नियम न वाचणाऱ्यांसाठी असते. "कुठेही जा, बाजूला एक दुसरी खिडकी असतेच," ती म्हणायची. "माणसं वाचत नाहीत, नुसती उभी राहतात." निवृत्त झाल्यावर तिने सगळ्या नात्यागोत्याच्या प्रवासाची खिडकी उघडली. कोणाला कुठे जायचं असो, आधी मामीला फोन. कुठली गाडी वेळेवर असते, कुठल्या डब्याशेजारी जेवणाची गाडी लागते, कुठल्या स्टेशनवर उतरल्यावर पूल चढावा लागत नाही, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची. रागवायचीही. "अगं, आदल्या दिवशी विचारतेस? लग्नाला निघालीस की पळून चाललीस?" पण तिकीट काढून द्यायची. आपण आखलेला बेत कधी फसत नाही, हा तिचा दागिना होता आणि तो ती रोज घालायची.

मामांना मात्र कुठे जायची हौस नव्हती. एक जागा सोडून.

त्यांच्या दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. तारखांचा भाग कधीच फाटून गेला होता, वरचं चित्र राहिलं होतं: दूरच्या एका राजवाड्यातल्या वरच्या दालनाचं छत. निळ्या रंगावर वेली, पक्षी, आणि मधोमध एक मोठं कमळ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा त्या चित्राकडे बघत बसायचे. "ज्याने हे केलं तो उताणा झोपून करत असणार," म्हणायचे. "रंग डोळ्यांत टपकत असणार. आणि तरी एक ओघळ नाही. एक! मी उभ्याने रंगवतो तरी कोपरापर्यंत माखतो." छापील फलक आले, काम आटत गेलं, शेवटी दुकान बंद केलं, तेव्हा सामान आवरताना मामीने ते चित्र हातात घेतलं. फेकायला नाही. म्हणाली, "या थंडीत जाऊन येऊ. मी सगळं बघते."

आणि ती कामाला लागली. जेवणाच्या टेबलावर फोन, चार्जर, चष्मा आणि चहाचा कप. मामांना तिने चारचौघांत सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता सगळे फोन करून विचारत होते, "काय मामी, राजवाड्याचं कुठवर आलं?" मामी सांगायची, "झालंच समजा."

चूक झाली ती इथेच, आणि ती मामीच करू शकत होती. गाडीची तिकिटं ऐनवेळी मिळत नाहीत, बाकी सगळं जाऊन काढता येतं, हा तिचा अनुभव. म्हणून तिने पहिल्यांदा गाडीचं पक्कं केलं. जायची रात्रीची गाडी, दोन्ही खालच्या बर्थ, सकाळी पोचणारी. यायची त्याच दिवशी दुपारची. खोली घ्यायला नको, सामान ओढायला नको. सुबक बेत. मग निवांत राजवाड्याचे पास काढायला बसली, तर तिथे वेगळीच तऱ्हा. खालचा मजला बघायला कितीही पास होते. वरच्या दालनाची लाकडी जमीन जुनी, म्हणून तिथे एका वेळी मोजकीच माणसं सोडत, आणि त्यांचे पास कधीच संपलेले होते. तिने दिवस बदलून पाहिले. ज्या दिवशी पास होते त्या दिवसांच्या गाड्या भरलेल्या, आणि ज्या दिवशी गाडी होती त्या दिवशी वाडा बंद.

दोन दिवस मामी कोणाचा फोन उचलत नव्हती. मामांनी विचारलं, "होत नाहीये का? राहू दे गं. चित्र आहे घरात." हे ते समजुतीने बोलले, पण मामीला ते लागलं. ती पुन्हा फोन घेऊन बसली आणि सगळ्यात खालची, बारीक अक्षरांतली ओळ तिने वाचली. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी वेगळे पास होते. बाजूचं दार, लिफ्ट, वाड्याची व्हीलचेअर, सोबत एक माणूस. आपल्या त्या दिवशी, आपल्या वेळेला, एक पास शिल्लक होता.

तिथे फक्त एका चौकटीत खूण करायची होती. मामीने मामांच्या नावाने ती केली.

मामांना हे कळलं गाडीत. रात्रीचं जेवण झालं होतं, डबे पुसून पिशवीत गेले होते. समोर वरच्या बर्थवरचे गृहस्थ तोंडावर चादर ओढून झोपले होते. मामी मामांशेजारी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, उद्या तिथे जरा पाय ओढत चाला."

मामा म्हणाले, "का? चप्पल चावतेय असं दिसतंय का?"

"चप्पल नाही. तुम्हाला चालता येत नाही."

मामा हसले. त्यांना वाटलं मामीचं काहीतरी चाललंय. मग तिने पासाचं सगळं सांगितलं आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं, विसरून गेल्यासारखं.

"मला चालता येत नाही, असं तू लिहिलंस?"

"लिहिलं नाही. खूण केली."

"अगं, मी रोज तळ्याला फेरी मारतो."

"गुडघा दुखतो ना तुमचा?"

"थंडीत. जिना चढताना."

"मग आता काय ऊन पडलंय? आणि वर जायला जिनाच आहे." मामीने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "हे बघा, कोणाचं काही घेत नाही आपण. पास रिकामा पडला होता. वाया गेला असता. तुम्ही बसा, मी ढकलते, छत बघा, उठा. एवढंच. तुमच्यासाठीच चाललंय सगळं."

मामा खिडकीकडे वळले. बाहेर काही दिसत नव्हतं, काचेत त्यांचाच चेहरा होता. नको म्हणायला सगळी रात्र होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. "पण मी नको म्हटलं नाही. मला ते छत बघायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, हिने केलंय, आता हिचा हिरमोड कशाला. बायकोच्या पदराआड लपायला माणसाला किती सोपं जातं, बघ."

सकाळी वाड्यापाशी मुख्य दारावर रांग बागेच्या कारंज्यापर्यंत गेली होती. मामीने रांगेकडे पूर्वी खिडकीतून बघायची तशा नजरेने पाहिलं. बाजूच्या दाराला कोणीच नव्हतं. मामा पाय ओढत चालले. पण आयुष्यात कधी नाटकात काम न केलेला माणूस तो. थोडा वेळ उजवा पाय ओढला, मग विसरून डावा. मामी दात ओठ खात म्हणाली, "अहो, एकच धरा कुठलातरी!"

दारात लिफ्टच्या किल्ल्या कमरेला लावलेली एक बाई स्टुलावर बसली होती. गणवेश, वर स्वेटर, पायांत मोजे. तिने पास बघितला, मामांच्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि व्हीलचेअर पुढे आणली. वाड्याच्या खुर्चीची चाकं जाड मऊ रबराची होती, वरच्या जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून. स्वतःची खुर्ची वर नेता येत नव्हती. वाड्याच्या तशा दोनच खुर्च्या होत्या. एकीचं चाक सकाळीच अडकून बसलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

मामा खुर्चीत बसले. मामीने त्यांच्या मांडीवर शाल टाकली. तेवढ्यात मागून आणखी दोघं आली.

एक मुलगी होती, कॉलेजच्या वयाची, स्वतःच्या व्हीलचेअरमध्ये. पाय बारीक, नव्याकोऱ्या बुटांत नीट जोडून ठेवलेले. बुटांचे तळवे अगदी स्वच्छ होते. मामांची नजर पहिल्यांदा तिथेच गेली. मागे तिचे बाबा, घामाघूम, गळ्यात पाण्याची बाटली. त्यांच्याही हातात याच वेळेचा पास होता.

लिफ्टवाल्या बाईने एक पास बघितला, दुसरा बघितला, आणि भिंतीकडच्या खुर्चीला पायाने जरा हलवून पाहिलं. ती हलली नाही. "खुर्ची आज एकच आहे," ती म्हणाली. "एकाला थांबावं लागेल. हे खाली आले की तुम्ही."

"आत्ता किती वेळ लागेल?" बाबांनी विचारलं.

"वेळ पूर्ण होईपर्यंत. मग दुपारची वरची साफसफाई. तुम्हाला त्यानंतर सोडते."

"आमची गाडी दुपारची आहे हो." बाबा असं म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. रोज असं काहीतरी होणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज होता.

मामी चटकन म्हणाली, "आम्ही आधी आलो." खिडकीतली सवय. तिने नंतर मला सांगितलं, तोंडातून शब्द निघून गेल्यावर तिला स्वतःलाच तो आवाज ऐकू आला.

लिफ्टवाली बाई मामांकडे वळली. "तुम्ही बोला आजोबा. थांबता का तुम्ही? का जाता?"

आता मामांना फक्त उठायचं होतं. जिना तिथेच होता, दहा पावलांवर, रुंद, दगडी, दोन्ही बाजूंना कठडा. 'मी चालत जातो, खुर्ची हिला द्या', एवढं एक वाक्य. ते वाक्य तोंडाशी आलं होतं, असं मामा सांगतात. पण ते बोललं की सगळं उघडं पडणार. ही बाई, ते बाबा, ती पोर, सगळी आपल्या पायांकडे बघणार. मामीकडे बघणार. कदाचित पासच रद्द करतील, आणि छत राहील ते राहीलच. मामांनी मान खाली घातली. शालीची एक दशी बोटाभोवती गुंडाळली.

"मला..." ते म्हणाले.

तेव्हा ती मुलगीच म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. आजोबांना बघू दे. मी पुन्हा कधीतरी येईन. त्यांना जमेल न जमेल."

लिफ्टचं दार लागलं. मामांना शेवटचं दिसलं ते त्या मुलीचं हसणं. तिने हात हलवला होता.

वर दालनात खूप थंड होतं. बाकीची माणसं माना मागे टाकून, मानेला हात लावून उभी होती. लिफ्टवाली बाई म्हणाली, "तुमचं बरं आहे आजोबा, मागे टेका आणि बघा. या लोकांच्या माना संध्याकाळपर्यंत आखडतात." मामांनी डोकं मागे टेकलं. छत होतं. निळा रंग चित्रातल्यापेक्षा गडद होता, कमळ मोठं होतं. ते त्यांनी बघितलं. बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. पण डोळा कुठे थांबेना. एका वेलीवरून निघाला की जायचा घसरत आणि पोचायचा स्वच्छ तळव्यांच्या बुटांपाशी. माणसं त्यांच्यासाठी बाजूला सरकत होती. एका बाईने आपल्या नवऱ्याला ओढून म्हटलं, "अहो, त्यांना जागा द्या." एवढ्या अदबीने मामांना आयुष्यात कोणी वागवलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, ही जुनी जमीन खरंच फाटावी आणि खुर्चीसकट आपण खाली जावं.

"खाली चला," ते म्हणाले.

मामी वाकली. "अहो, आत्ता तर आलो. बराच वेळ आहे अजून."

"खाली चल. ती थांबली असेल."

लिफ्टवाल्या बाईला आश्चर्य वाटलं, पण तिने किल्ली फिरवली. खाली आले तर दारात कोणी नव्हतं. दुसऱ्या दारावरचा पहारेकरी म्हणाला, ते दोघं मघाशीच गेले, बागेतून फाटकाकडे.

मामा उठले. मामीने त्यांच्या खांद्यावर हात दाबला आणि दातांतून म्हणाली, "बसा! निदान फाटकापर्यंत बसा. ती लिफ्टवाली बघतेय."

मामांनी तिचा हात काढला. सरळ उभे राहिले, शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली. आता ही बाई ओरडेल, पहारेकऱ्याला बोलावेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तिने नुसतं बघितलं आणि खुर्ची वळवून घेतली.

"माफ करा," मामा म्हणाले. "मला चालता येतं."

"माहितीये आजोबा," ती म्हणाली. "रोज एखादा असतो. आत पाय आखडलेले, आणि बाहेर पडल्यावर बस पकडायला धावतात." आवाजात राग नव्हता. आज थंडी आहे, असं सांगावं इतक्या सहजपणे बोलली. "मी काय करणार? पासावर खूण असते. मी डॉक्टर थोडीच आहे?"

मामा म्हणतात, तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर चाललं असतं. रोज एखादा. म्हणजे त्यांच्यासारखी माणसं तिला रोज दिसत होती आणि तिच्या लेखी मामा त्यातले आजचे होते.

ते बागेतून जवळजवळ पळत सुटले. मामी मागे, दोन्ही पिशव्या घेऊन, "अहो, गुडघा! अहो!" करत. फाटकाबाहेर बसच्या थांब्यावर बाप-लेक दिसली. बाबा बाटलीतलं पाणी मुलीच्या हातावर ओतत होते, ती तोंड पुसत होती. मामांना येताना पहिल्यांदा मुलीने बघितलं. मग बाबांनी. बाबांची नजर चेहऱ्यावरून खाली गेली, पायांपाशी थांबली, आणि तिथेच राहिली.

मामा धापा टाकत होते. "मी चालू शकतो," ते म्हणाले.

"दिसतंय," बाबा म्हणाले.

"मी उठायला हवं होतं. मघाशी. मला... खुर्ची आहे आता, रिकामी आहे. अजून वेळ उरलाय. चला, मी त्या बाईंशी बोलतो. मी ढकलतो हवं तर."

बाबांनी रस्त्याकडे बघितलं. "बस येईल आत्ता. हिला चढवायला माणसं लागतात, या वेळेला मिळतात. नंतरच्याला गर्दी असते." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "पुन्हा आत जाऊन, वर जाऊन, खाली येऊन गाडी नाही मिळणार."

मुलगी मात्र मामांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मामांनी, सापडला नाही. तिथे काही वेगळंच होतं, मघाचं हसू ज्या जागी होतं ती जागा रिकामी झाल्यासारखं. ती म्हणाली, "कसं आहे हो छत?"

मामांना वाटलं, हे तरी आपण देऊ शकतो. आयुष्य रंगात गेलेला माणूस. त्यांनी हात वर केला, "निळा रंग आहे ना, तो..."

"राहू द्या," बाबा मध्येच म्हणाले. हळू, पण दार लावावं तसं. "तिला स्वतः बघायचंय. तुम्ही सांगू नका."

मामांचा हात तसाच वर राहिला थोडा वेळ. मग त्यांनी तो खाली घेतला. बस आली. दोन-तीन माणसं पुढे झाली, खुर्ची उचलली गेली. मामाही पुढे झाले होते, पण बाबांनी त्यांच्याऐवजी एका अनोळखी पोराला हाक मारली.

परतीच्या गाडीत मामीने डबा उघडला, झाकला, पुन्हा उघडला. मामा जेवले. पाणी प्यायले. मामी वाट बघत होती, आता बोलतील, मग बोलतील. तिने उत्तरंही तयार ठेवली होती. मामा बोलले ते एवढंच, "तू खिडकीशी बसतेस का?"

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मामांच्या मनात राहिली असती, आणि मनातल्या गोष्टी माणूस वागवतो. पण घरी आल्यावर फोन सुरू झाले. बेत कसा झाला? वरचे पास कसे मिळाले? कोणालाच मिळत नाहीत म्हणे! मामी पहिल्या फोनवर गडबडली आणि व्हीलचेअरचं सांगून बसली. तिला वाटलं, ऐकणारा नाक मुरडेल. तो हसला. "वा मामी! मानलं तुला!" आणि ते सगळ्या नात्यात झालं. जो तो हसत होता. व्हीलचेअर, शाल, उजवा पाय, डावा पाय; यात प्रत्येकाने आपली थोडी भर घातली. मुलगी त्यात कुठेच नव्हती. ती मामीने कोणाला सांगितलीच नव्हती.

महिन्याभराने धाकट्या मावशीचं नवीन घर बघायला आम्ही सगळे जमलो होतो. बसायला खुर्च्या कमी, म्हणून अर्धी मंडळी खाली सतरंजीवर. मामा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मावशीच्या जावयाने ओरडून म्हटलं, "अहो मामा, तुम्ही उभे? तुमच्यासाठी चाकं मागवू का?" खोली हसली. मावशीने जावयाच्या पाठीत धपाटा घातला, पण तीही हसत होती. जावई मामीकडे सरकला. "मस्करी सोडा मामी, पण आम्हाला खरंच तसला पास काढून द्या. आई-बाबांना न्यायचंय. आईला बसवू. ती नाटकात कामं करायची पूर्वी."

मामीने मामांकडे बघितलं. मी तिच्याजवळ बसले होते. तिने बांगड्या कोपराकडे सारल्या.

मामा म्हणाले, "मी सांगतो कसं करायचं ते."

मंडळी सरसावून बसली, गंमत ऐकायला.

"खूण करायची. सोपं आहे," मामा म्हणाले. "मग एक पाय ओढायचा. कुठला ते लक्षात ठेवायचं. मग खुर्चीत बसायचं. मागून एक मुलगी येते. तिला खरंच चालता येत नाही. खुर्ची एकच असते. ती म्हणते, आजोबांना जाऊ द्या." त्यांनी चौकटीवर हात ठेवला. "तेव्हा उठायचं नाही. तेवढंच अवघड आहे. तेवढं तुमच्या आईला जमलं, की झालं."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. जावयाने हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

मामी म्हणाली, "खूण मी केली होती. त्यांना माहीतही नव्हतं. दोष माझा आहे." ती भर सभेत बोलल्यासारखी मोठ्याने बोलली. केसपेपरच्या खिडकीत बसून आयुष्य गेलं, पण असं काही मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"खूण तू केलीस," मामा म्हणाले. "बसून मी राहिलो."

मावशी चहाचं बघते म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

निघताना मामा पुढे, मी आणि मामी मागे. कोपऱ्यावर एका दुकानाची नवी पाटी लागली होती. मामा तिच्याखालून गेले. मान वर झाली नाही. मामी माझा हात धरून चालत होती, आणि जरा वेळाने म्हणाली, "मी पुन्हा काढते म्हटलं होतं गं पास. साधे. सकाळपासून रांगेत उभी राहते म्हटलं. तर म्हणाले, नको." तिने नाक पुसलं. "बाकी एक अक्षर बोलले नाहीत मला. गाडीत नाही, घरी नाही. नुसतं विचारतात, चहा करू का तुझा. मी काय करू सांग. भांडले असते तर मीही भांडले असते, आणि मिटलं असतं."

पुढे मामा थांबले होते, आमची वाट बघत. आम्ही जवळ गेल्यावर त्यांनी मामीच्या हातातली पिशवी घेतली आणि पुन्हा चालायला लागले.